‘अमॅच्युअर अवर’मधले कलाकार: हौशी, नवोदित की होतकरू?

प्रश्न असा आला आहे: १९३०च्या दशकात अमेरिकन रेडिओवर गाजलेल्या ‘अमॅच्युअर अवर’ या गुणदर्शन स्पर्धेबद्दल मराठीत लिहायचं तर तिथल्या गायक-वादकांना ‘हौशी कलाकार’ म्हणावं का? शब्दकोशात अमॅच्युअरला तोच प्रतिशब्द मिळतो.

माझ्या मते म्हणू नये. ‘होतकरू’ म्हणावं.

‘हौस’ हा शब्द अरबी ‘हवस’वरून आला. हिंदीत ‘हवस’ला वासनेचा वास लागला, मराठीत मात्र हौसेला मोल असत नाही. हौशी नट दिवसभर बँकेत किंवा शाळेत काम करतो आणि संध्याकाळी तालमीला जातो. नाटकावर त्याची चूल पेटत नाही, तशी त्याची अपेक्षाही नसते. आपल्या हौशी रंगभूमीचा मान त्यातच आहे. रेडिओच्याच जगातलं उदाहरण घ्यायचं तर ‘हॅम’ मंडळींचं, म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या रेडिओ संचावरून एकमेकांशी बोलणाऱ्यांचं घ्यावं. संदेशांच्या देवाणघेवाणीतून पैसा कमवायला त्यांना नियमानेच मनाई असते. त्यांच्या छंदाला ‘हौशी रेडिओ’ म्हणणं अगदी चपखल आहे.

आता ‘अमॅच्युअर अवर’कडे, म्हणजे सूत्रसंचालक मेजर एडवर्ड बोज यांच्या कार्यक्रमाकडे पाहा. १९३४ साली न्यूयॉर्कच्या एका स्थानिक केंद्रावर तो सुरू झाला, १९३५मध्ये एनबीसी या रेडिओ-जाळ्यावरून देशभर ऐकू येऊ लागला आणि काही महिन्यांत लोकप्रियतेच्या शिखरावर पोचला. काळ महामंदीचा. कामधंदा गेलेली, घरदार सोडून आलेली माणसं तोंडाने वाजवायचा बाजा घेऊन, नाहीतर नुसता गळा घेऊन रांगेत उभी राहत. गाणं फसलं की मध्येच तास वाजे. (थाळीसारख्या ज्या घंटेवर टोले देतात तिला मराठीत ‘तास’च म्हणतात, त्यामुळे ‘अवर’ आणि ती घंटा दोन्ही एकाच शब्दात येतात. मला याचा फार आनंद होतो.) श्रोते फोनवरून आणि पत्रांतून मतं देत. जिंकलेल्यांना बोज यांच्या फिरत्या पथकात पगारी काम मिळे. सप्टेंबर १९३५मध्ये ‘होबोकेन फोर’ ही चौकडी अशीच जिंकून दौऱ्यावर निघाली. त्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा म्हणजे पुढे गायक म्हणून जगभर गाजलेला फ्रँक सिनात्रा. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अपोलो थिएटरातल्या ‘अमॅच्युअर नाइट’ या अशाच स्पर्धेत त्याच्या आदल्या वर्षी सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड, पुढची विख्यात जॅझ गायिका, जिंकली. ती नाचायला म्हणून आली होती, आयत्या वेळी गायली. हाताशी काहीच नसलेल्या त्या मुलीला ‘हौशी’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जत्रेला हौसे, नवसे आणि गवसे जमतात, असं आपण म्हणतो. बोज यांच्या दारात हौसे थोडे होते. बहुतेक नवसे आणि गवसे.

‘होतकरू’मध्ये पुढे काही होण्याची शक्यता आहे, अंगचा गुण आहे, आणि ‘गरीब व होतकरू विद्यार्थी’ या जाहिरातींतल्या जोडीमुळे परिस्थितीची ओढाताणही आपोआप कानावर येते. इंग्रजी शब्दात यातलं काही नाही. तो फक्त ‘व्यावसायिक नाही’ एवढंच सांगतो. इथे मराठी शब्द मुळापेक्षा सरस आहे आणि तो बिनधास्त वापरावा.

‘नवोदित’ही मला पटत नाही. नवोदित कवीची एखादी कविता कुठेतरी छापून आलेली असते, म्हणजे उदय झालेला असतो. बोज यांच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं नाव त्यांच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नसे. हा शब्द आर्थर गॉडफ्रे यांच्या १९४६पासूनच्या ‘टॅलेंट स्काउट्स’ या अशाच रेडिओ स्पर्धेसाठी राखून ठेवावा. त्या कार्यक्रमात येणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच कार्यक्रम करून चार पैसे मिळवत होते, फक्त देशाला माहीत नव्हते. त्यांना ‘होतकरू’ म्हटलं तर कमीपणा येईल, ‘नवोदित’ नेमका बसेल.