कृषी महाविद्यालयाचा यशोवृत्तान्त कसा वाचावा?

पेडणे तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून, जीवशास्त्र घेऊन, ७८ टक्के गुणांनी उत्तीर्ण झाली. घरची काजूची बाग आहे आणि नदीकाठी थोडे खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली भातजमीन, आहे. मुलीला कृषी शाखेत जाऊन पुढे संशोधन करायचे आहे. पालकांनी एका कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयाचा वार्षिक वृत्तान्त वाचला. त्यात सुवर्णपदके, युवक महोत्सवातील बक्षिसे, पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतील यश, पोस्टर स्पर्धांतील पारितोषिके आणि विद्यार्थ्यांचे प्रकाशित शोधनिबंध अशी भरगच्च यादी आहे. त्यांचा प्रश्न असा: "एवढे यश दिसते आहे म्हणजे महाविद्यालय चांगले असे समजून मुलीला गोव्याबाहेर पाठवावे का, आणि पदवीच्या चार वर्षांत तिला खरोखर संशोधन करायला मिळेल का?"

सप्रेम नमस्कार.

आपण वृत्तान्ताची कात्रणे सोबत जोडलीत, त्यामुळे उत्तर मोघम देण्याची गरज उरली नाही. सुरुवातीलाच सांगतो की मुलीचा विचार मला योग्य वाटतो आणि तिला या शाखेपासून परावृत्त करण्याचे कोणतेही कारण दिसत नाही. मात्र महाविद्यालयाची पारख आपण ज्या यादीवरून करू पाहता, ती यादी तिथल्या मोजक्या विद्यार्थ्यांची आहे. आपली मुलगी त्या मोजक्यांत असेल की नसेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. म्हणून वर्गातल्या साधारण विद्यार्थ्याच्या हाताला तिथे कोणते काम मिळते, हे मी प्रथम पाहिले असते.

यादीतला प्रत्येक प्रकार वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. युवक महोत्सव, कबड्डी, वक्तृत्व यांचे मोल मोठेच आहे. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीसाठी ते वातावरण निरोगी असल्याची खूण असते. तरी त्याचा संशोधनाशी संबंध नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेतील यश अधिक बोलके आहे, कारण ती परीक्षा देशपातळीवर होते आणि तिथे महाविद्यालयाच्या हातात काही नसते. पण अशा ठिकाणी मी नेहमी दुसरा आकडा विचारतो: ही इतकी मुले कितीजणांच्या तुकडीतून निवडली गेली, आणि गेली तीन-चार वर्षे हे प्रमाण टिकले आहे का? एखाद्या वर्षी हुशार मुलांचा गट एकत्र येतो आणि तेवढ्यावर पुढची अनेक वर्षे वृत्तान्त सजतो, असे माझ्या पाहण्यात आहे.

शोधनिबंधांच्या बाबतीत अधिक सावध राहावे. पदवीच्या विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागत नाही. प्रबंधासाठीचे स्वतंत्र संशोधन एम.एस्सी.मध्ये सुरू होते. त्यामुळे पदवीच्या मुलांच्या नावे निबंध दिसले तर पहिले नाव कोणाचे आहे, शेतातली मोजमापे कोणी घेतली आणि निबंध कोणत्या नियतकालिकात आला, हे विचारायला संकोच करू नका. राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी नियतकालिकांना गुणांकन देते. शिक्षक त्याला 'नास रेटिंग' म्हणतात आणि ते विचारल्यावर चांगल्या महाविद्यालयातला प्राध्यापक आनंदाने सांगतो. पैसे भरून काही दिवसांत छापून देणारी नियतकालिकेही आहेत, आणि तिथले दहा निबंध एका नीट केलेल्या प्रयोगाच्या पासंगाला पुरत नाहीत.

आपल्या कात्रणात 'विद्यार्थ्यांनी नवीन वाण विकसित केले' असे एक वाक्य आहे. त्याच्याखाली मी पेन्सिलीने रेघ मारली. भातात संकर केल्यापासून वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत साधारणपणे आठ-दहा वर्षे जातात आणि फळझाडांत त्याहून कितीतरी अधिक. आपल्या पेडण्यापासून जवळ असलेल्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' हा आंबा दिला. हापूसला लागणाऱ्या साक्यापासून, म्हणजे गर आतून पांढरट व स्पंजासारखा होण्याच्या दोषापासून, तो मुक्त आहे. कलम बांधणे, झाड फळाला येण्याची वाट पाहणे आणि वर्षानुवर्षे फळे कापून तपासणे या कामात अनेकांचा हातभार लागलेला असतो. चार वर्षांसाठी आलेला विद्यार्थी अशा दीर्घ कामातला एखादा तुकडा सांभाळतो, आणि तो तुकडा मनापासून सांभाळणे हेच त्याचे शिक्षण होय. म्हणून ते वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. त्यातला विद्यार्थ्यांचा वाटा किती, एवढेच विचारून घ्यावे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. संशोधन म्हणजे नेमके काय शिकणे, हे आपल्याच खाजनाच्या उदाहरणाने सांगतो. समजा, मुलीला भाताच्या दोन जाती ताडून पाहायच्या आहेत. मानशीलगतच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराजवळच्या, कुणग्यात (शेताच्या तुकड्यात) खारे पाणी झिरपते, वरच्या कुणग्यात ते कमी पोचते. नवी जात वर लावली, जुनी मानशीजवळ लावली आणि नवीचे पीक चांगले आले, तर श्रेय जातीचे की जागेचे? साधारण भातपिकाला मातीची क्षारता प्रति मीटर ३ डेसिसायमनच्या (हे क्षारता मोजण्याचे एकक) वर गेली की उत्पन्नाची झळ बसू लागते, आणि एकाच शेतात काही पावलांवर हा आकडा बदलू शकतो. म्हणून शेताचे असे गट पाडतात की एका गटातली जमीन शक्य तितकी सारखी असेल. प्रत्येक गटात सर्व जाती येतात, कोणती कुठे लावायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवतात आणि हीच मांडणी तीन-चार वेळा पुन्हा करतात. कृषी संख्याशास्त्रातली पहिली मोठी शिकवण ही आहे. ती फळ्यावर एका तासात समजते, पण अंगवळणी पडते ती चिखलात उभे राहूनच.

काही वर्षांपूर्वी एम.एस्सी. करणारी गोव्यातली एक विद्यार्थिनी मला तिची शेतातली नोंदवही दाखवायला घेऊन आली होती. वहीला प्लॅस्टिकचे वेष्टन होते, तरी कडा चिखलाने ताठ झाल्या होत्या. आत २४ वाफ्यांचा नकाशा होता, सहा जाती आणि चार पुनरावृत्ती. प्रत्येक वाफ्यापुढे फुटव्यांची संख्या, लोंब्यांची लांबी आणि भरलेल्या व पोचट दाण्यांचे आकडे तारखेसह लिहिलेले होते. एका ओळीवर आडवी रेघ होती आणि बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते, "गुरे शिरली, वाफा १७ वगळला." तो आकडा अंदाजाने भरणे तिला सहज शक्य होते आणि कदाचित कोणाच्या लक्षातही आले नसते. त्या मुलीला पारितोषिक मिळाले की नाही हे मला आज आठवत नाही, पण ती ओळ मी विसरलेलो नाही. आपण महाविद्यालयाला भेट द्याल तेव्हा चषकांचे कपाट जरूर पाहा. नंतर शेवटच्या वर्षातल्या कोणाही एका विद्यार्थ्याची नोंदवही मागून पाहा.

पदवीच्या चार वर्षांत याची तयारी होते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभव, ज्यात विद्यार्थी खेड्यात राहतात. वर्तमानपत्रांत 'कृषिकन्यांनी दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक' अशा बातम्या येतात, त्या याच कार्यक्रमाच्या. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, भाताचे बी त्यात टाकायचे, तरंगणारे काढून टाकायचे आणि तळाचे स्वच्छ पाण्याने धुऊन वापरायचे. काम साधे आहे, पण ज्या मुलीने ते केल्यावर पुढच्या आठवड्यात त्याच शेतकऱ्याकडे जाऊन उगवण मोजली, ती संशोधनाच्या वाटेवर आहे, आणि जिने फोटो काढून अहवाल पुरा केला ती नाही. दुसरे ठिकाण म्हणजे अनुभवाधारित शिक्षणाचे विभाग: रोपवाटिका, अळिंबी, जैविक खते, दुग्धप्रक्रिया. यातले कोणते विभाग प्रत्यक्ष चालू आहेत आणि कोणते पाटीपुरते आहेत, हे तिथल्या मुलांना विचारले की लगेच कळते.

महाविद्यालयांविषयी थोडक्यात सांगतो. गोव्यातच केपे तालुक्यात सुळकर्णे येथे गोवा विद्यापीठाशी संलग्न डॉन बॉस्को कृषी महाविद्यालय २०१५ पासून आहे. तेही पाहून या. बाहेरचा विचार असेल तर १९७२ साली स्थापन झालेले दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आपल्या मातीला, पावसाला आणि पिकांना सर्वांत जवळचे आहे. भात, काजू, आंबा, नारळ, सुपारी हेच तिथले विषय आहेत. परराज्यातील कृषी विद्यापीठांतल्या ठरावीक जागा सीयूईटी या देशपातळीवरील सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून अनुसंधान परिषदेमार्फत भरल्या जातात. तिने ती परीक्षा दिली असेल तर समुपदेशनाच्या तारखा चुकवू नका.

वेळेचा हिशेब आपण आताच मनाशी धरावा. पदवीची चार वर्षे, एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची निदान तीन. संशोधक म्हणून स्थिरावायला तिशी जवळ येते. मध्येच थांबावेसे वाटले तरी पदवी वाया जात नाही. बँकांत कृषी क्षेत्र अधिकारी आणि राज्याच्या कृषी खात्यात अधिकारी या दोन्ही वाटा खुल्या राहतात. लग्नाच्या बोलण्यासाठी शिक्षण अर्धवट सोडायला लागलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे वडील या नात्याने आपल्याला आवर्जून लिहितो आहे.

ती शिकून परत येईल का, ही चिंता पत्रात शेवटी एका ओळीत आली आहे. परतण्याजोगे काम इथे भरपूर आहे. जुन्या गोव्याजवळ एला येथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. खाजनात पिढ्यान् पिढ्या पिकणाऱ्या कोरगुट भातातून निवड करून तिथे 'गोवा धान' मालिकेतल्या जाती पुढे आल्या. आपल्या वाडवडिलांनी राखलेले बी तिथल्या प्रयोगाचा कच्चा माल होते, हे मुलीला जरूर सांगा. फुटलेले बांध, पडीक खाजने, काजूच्या मोहोरावरचा ढेकण्या हा रस शोषणारा कीटक आणि खोडातला किडा या प्रश्नांवर काम करणारी, इथली भाषा बोलणारी माणसे हवी आहेत.

प्रवेशाची गडबड सुरू होण्याआधी एके दिवशी तिला घेऊन एल्याच्या संस्थेत जा. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात शेतकऱ्यांची ये-जा असते, त्यामुळे बुजायला होणार नाही. जाताना आपल्या खाजनातली माती दोन पिशव्यांत न्या, एक मानशीजवळची आणि एक वरच्या कुणग्यातली, आणि पिशव्यांवर जागा व तारीख तिलाच लिहू द्या. तपासणीचे आकडे आल्यावर दोन्हींत फरक का पडला, हे तिने स्वतः लिहून मला पाठवावे. ते वाचून मी तिच्याशी पुढचे बोलेन.