आईच्या बायोप्सीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा आलाय. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये हा स्क्वॅमसपेक्षा वाईट असतो का?

अ‍ॅडेनो, म्हणजे ग्रंथींच्या पेशींतून होणारा प्रकार, थोडा वाईट, पण तुम्ही धसका घेतलाय तेवढा नाही. आणि स्क्वॅमस, म्हणजे गर्भाशयमुखाच्या वरच्या आवरणातल्या चपट्या पेशींचा प्रकार, आला असता तर निर्धास्त झाला असतात, तेही चूकच. माझी थोरली बहीण स्क्वॅमसनेच गेली.

तिची स्टेज २बी होती, म्हणजे आजार गर्भाशयमुखाबाहेर शेजारी पसरलेला. भावोजींनी कुठूनसं ऐकलं की स्क्वॅमस म्हणजे नेहमीचा, रेडिएशनला दाद देणारा प्रकार. झालं, सगळं घर सैलावलं. बाहेरून रेडिएशन चालू, आठवड्याला सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाची सलाईन, आणि मध्येच गणपती आले. डोंबिवलीहून सगळे संगमेश्वरला, ताईलाही नेलं. "चांगल्यातला प्रकार आहे, आठ-दहा दिवसांनी काय बिघडतंय?" परतल्यावर हिमोग्लोबिन घसरलेलं, त्यात आणखी दिवस गेले. मग ब्रेकीथेरपी, म्हणजे आतून द्यायचं रेडिएशन, त्याला ती घाबरली. भावोजी म्हणाले, गाठ विरघळलीय, आता कशाला छळायचं तिला! हॉस्पिटलमधून फोनवर फोन येत होते. मी डोंबिवलीला जाऊन कडाकडा भांडले तेव्हा कुठे ब्रेकी झाली, ती फार उशिरा. ब्रेकी धरून सगळं रेडिएशन साधारण आठ आठवड्यांत संपवायचं असतं. लांबलं की आजार उलटायची शक्यता वाढते. ताईचा ओटीपोटात उलटला.

भावोजी अजून "तिचं नशीब" म्हणतात. मला ते मान्य नाही, कधीच होणार नाही.

परळच्या टाटा हॉस्पिटलने ३बी, म्हणजे ताईच्याही पुढच्या स्टेजच्या ८५० बायकांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या स्क्वॅमसच्या. नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी पाच वर्षांनी ४६ टक्के हयात होत्या, सोबत सिस्प्लॅटिन मिळालेल्यांपैकी ५४ टक्के. एवढा "चांगला" प्रकार, तरी जवळजवळ निम्म्या गेल्या, आणि जो फरक पडला तो उपचारांनी. अमेरिकेतले आकडे स्टेजप्रमाणे बघा: आजार गर्भाशयमुखापुरताच असेल तर पाच वर्षांनी ९० टक्क्यांच्या आसपास बायका हयात, जवळपास पसरला असेल तर ६०, दूर गेला असेल तर २०. स्क्वॅमस आणि अ‍ॅडेनोमध्ये एवढी दरी नसते.

अ‍ॅडेनो गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत वाढतो, पॅप स्मिअरमध्ये (मुखाच्या पेशी घेऊन करतात त्या तपासणीत) निसटतो, म्हणून बरेचदा उशिरा कळतो. लवकर सापडून ऑपरेशन झालं तर निकाल जवळपास स्क्वॅमससारखाच. लसिकाग्रंथींत गेला असेल किंवा स्टेज पुढची असेल, तर मात्र अ‍ॅडेनो मागे पडतो.

तुम्ही स्टेज लिहिलेलीच नाही. एमआरआय झाला का, लसिकाग्रंथी कशा आहेत, ब्रेकीची तारीख कधीची, हे आधी विचारा. सण, लग्न, बारसं, काहीही आलं तरी तारीख हलवू देऊ नका. घरातल्या कर्त्या पुरुषाला वाईट वाटलं तर वाटू दे.

मी डॉक्टर नाही. आणि प्रकाराने काहीच फरक पडत नाही असंही समजू नका: स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन हा दुर्मीळ प्रकार खरोखर घातक, लवकर पसरतो, त्याची केमोही वेगळी. अ‍ॅडेनोमध्येही एचपीव्हीशी (बहुतेक गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण असलेल्या विषाणूशी) संबंध नसलेला गॅस्ट्रिक टाइप जास्त हट्टी. आईच्या रिपोर्टमध्ये यातलं काही लिहिलंय का, तेही डॉक्टरांना विचारा.