ब्रेक दाबून रेस दिली तर गियरबॉक्स जाईल का?

वाचकांचे गाडीविषयी प्रश्न. उत्तरं देतात फोंड्याला गियरबॉक्स उघडून बसणारे एक गॅरेजवाले.

प्रश्न: माझ्याकडे दीड लिटर पेट्रोल इंजिनाची, सहा गियरची ऑटोमॅटिक गाडी आहे. मित्राकडे तेच मॉडेल मॅन्युअलमध्ये. तो म्हणतो ऑटोमॅटिक ही पेन्शनरांची गाडी, पाव मैलात तुला धुळीत टाकतो. डाव्या पायाने ब्रेक दाबून उजव्याने रेस द्यायची आणि मग ब्रेक सोडायचा, असं व्हिडिओत बघितलंय. तसं केलं तर गियरबॉक्स जाईल का? धारगळहून मोपा विमानतळाकडे जाणाऱ्या नव्या रस्त्यावर रात्री एकदा लावून बघायचं म्हणतोय. (एक वाचक, वय २३, पेडणे)

उत्तर: बाबा रे, तुझ्या पत्रात प्रश्न दोन आहेत आणि तू विचारलायस एकच. गियरबॉक्सचं आधी सांगतो, कारण रस्त्याचं आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

तुझ्या गाडीत इंजिन आणि गियर यांच्या मधे मॅन्युअलसारखी क्लच प्लेट नाही, टॉर्क कन्व्हर्टर आहे. बंद डबा, त्यात तेल, आणि समोरासमोर पात्यांची दोन चाकं. एक चाक इंजिन फिरवतं आणि ते तेल फेकतं. दुसऱ्यावर ते तेल आपटतं आणि त्या जोरावर गियरबॉक्स फिरतो. या दोघांच्या मधे स्टेटर नावाचं तिसरं छोटं चाक असतं आणि खरी करामत त्याची. परत येणारं तेल तो वळवून पहिल्या चाकाच्या फिरण्याच्या दिशेने सोडतो. त्यामुळे गाडी जागची सुटताना इंजिनाचा टॉर्क जवळजवळ दुप्पट होऊन पुढे जातो. मॅन्युअलचा क्लच टॉर्क पोचवतो, वाढवत कधीच नाही. तेव्हा पेन्शनरांची गाडी म्हणणाऱ्या मित्राला पहिल्या वीस मीटरचं उत्तर मिळालं.

आता ब्रेक धरून रेस देण्याचं. असं केलंस की इंजिन एका आकड्यापर्यंत चढतं आणि तिथे अडतं. हा स्टॉल स्पीड, साध्या गाड्यांत बहुधा २००० ते २५०० आरपीएमच्या आसपास. फायदा खरा आहे: इंजिन आधीच जोरात असतं, टर्बो असेल तर थोडा दाब तयार होतो, माउंट आणि शाफ्टमधली ढिलाई निघून जाते. एखाद्या सेकंदाचा काही दशांश भाग वाचतो.

किंमत तेलाला मोजावी लागते. गाडी उभी आहे, म्हणजे इंजिनाच्या ताकदीला जायला वाटच नाही, ती सगळी तेलात उष्णता होऊन उतरते. समज, २२०० आरपीएमला तुझं इंजिन १४० न्यूटन-मीटर टॉर्क देतंय. झाले सुमारे ३२ किलोवॅट. न्हाणीघरातला गीझर २ किलोवॅटचा धरला, तर सोळा गीझर एकदम कन्व्हर्टरमधल्या दोन-तीन लिटर तेलात सोडल्यासारखं झालं. ढोबळ हिशेबाने दर सेकंदाला ते तेल ६ ते ९ अंशांनी तापतं. एरवी ते ८०-९० अंशांवर असतं, दहा सेकंद धरून ठेवलंस तर दीडशेच्या आसपास किंवा वर. तिथे तेल काळं पडायला लागतं आणि आतल्या सिलांचं रबर कडक होतं. म्हणून धरायचं तर एक-दोन सेकंद, बास. नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून थांबायचं. तेव्हा कन्व्हर्टर मोकळा फिरतो आणि तेल कूलरमधून जाऊन निवतं. फेरी संपली की लगेच चावी काढून मित्रांना वेळ सांगायला पळणारे बरेच, आणि त्यांचंच तेल सगळ्यात जास्त तापलेलं असतं.

एवढं करूनही तुला काहीच मिळणार नाही अशी शक्यता आहे. ब्रेक दाबलेला दिसला की रेस कापायची, अशी व्यवस्था हल्लीच्या कित्येक गाड्यांत कंपनीच करते. शिवाय तुझी गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी. सुटताना वजन मागे जातं, पुढची चाकं हलकी होतात आणि जोर जास्त झाला की नुसती जागच्या जागी फिरतात. मग ब्रेक न धरता, रेस पटकन पण एकसारखी दाबून सुटलेला पुढे जातो. हे मोकळ्या जागेत करून बघितल्याशिवाय कोणाला पटत नाही.

गियरबॉक्स हमखास कशाने जातो ते मात्र ठळक सांगतो. न्यूट्रलमध्ये इंजिन बोंबलवायचं आणि लिव्हर फाडकन डीमध्ये टाकायचा. व्हिडिओत हेही दाखवतात. यात सगळा फटका एकाच क्लच पॅकवर (बॉक्सच्या आत गियर लावणाऱ्या प्लेटांचा गठ्ठा) आणि शाफ्टवर बसतो. असे बॉक्स माझ्या टेबलावर आलेले आहेत. प्लेटांवरचं अस्तर जळून नुसतं लोखंड उरलेलं असतं आणि तेलाचा वास दुकानाच्या दारापर्यंत येतो.

ऑटोमॅटिकला कमी लेखणाऱ्याला ड्रॅगचा, म्हणजे सरळ पट्टीवर उभ्यावरून सुटण्याच्या शर्यतीचा, इतिहासही माहीत नसावा. अमेरिकेत शेवरलेने १९५० मध्ये पॉवरग्लाइड नावाचा दोन गियरचा ऑटोमॅटिक बॉक्स आणला. घरगुती गाड्यांसाठी होता, पण त्याच धाटणीचे मजबूत केलेले बॉक्स तिथल्या ड्रॅग पट्ट्यांवर अजून धावतात. ब्रॅकेट रेसिंग म्हणून तिथे एक प्रकार आहे. गाडी किती वेळात जाईल ते आधी काचेवर लिहायचं, मंद गाडीला तेवढी सूट देऊन आधी सोडतात, आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलास तर बाद. इथे जिंकतो तो दर वेळी तेच करणारा, आणि तेच तेच करण्यात ऑटोमॅटिकचा हात कोण धरणार? त्यांच्या बॉक्सांत ट्रान्सब्रेक असतो. पहिला गियर आणि रिव्हर्स एकाच वेळी लावून बॉक्स स्वतःलाच अडकवून ठेवतो, बटण सोडलं की गाडी सुटते. तुझ्या गाडीत ते नाही आणि बसवूही नकोस.

डॉन गार्लिट्स या अमेरिकन ड्रॅग रेसरचं नाव ऐकलंयस का? ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियात सुटतानाच त्यांच्या ड्रॅगस्टरचा दोन गियरचा बॉक्स फुटला आणि त्यात उजव्या पायाचा पुढचा भाग गेला. बॉक्स दोन पायांच्या मधे होता. त्यानंतर त्यांनी इंजिन पाठीमागे असलेली गाडी बांधली आणि १९७१ मध्ये तिच्यावर जिंकले. पुढे त्या वर्गातल्या सगळ्यांनीच इंजिन मागे नेलं. तुझ्या सेडानचा बॉक्स असा फुटणार नाही, घाबरू नकोस. पण वेगवान गाड्यांच्या बॉक्सवर तिथे संरक्षक कवच सक्तीचं असतं ते उगाच नाही.

आता तू न विचारलेला प्रश्न. तुझ्यासारखी गाडी पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर, साधारण १७ सेकंदांत कापते आणि शेवटी वेग १३० च्या घरात असतो. कोरड्या रस्त्यावर तिथून थांबायला, दचकून पाय ब्रेकवर जाण्याचा एक सेकंद धरून, १२० मीटर लागतात. तुझ्या लो-बीमचा उजेड ५०-६० मीटर. पावसाळ्यात रात्री गोव्याच्या हमरस्त्यावर गुरं कुठे बसतात ते मी पेडण्याच्या माणसाला सांगायला नको. कोरडा डांबर सोडून जनावर हलत नाही, आणि काळ्या म्हशीचे डोळे चमकले तर चमकले. वर तो विमानतळाचा रस्ता. पहाटेच्या विमानाला धावणारा टॅक्सीवाला तुमच्या शर्यतीचं वेळापत्रक बघून निघत नाही.

कायदाही ऐकून ठेव. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलास तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. खासगी गाडीच्या नेहमीच्या विम्यात संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, म्हणजे कायदेशीर पट्टीवरसुद्धा नुकसान तुझं तूच सोसायचं. गाडी बाबांच्या नावावर असेल तर हे आधी त्यांना वाचून दाखव.

गोव्यात बंदिस्त ड्रॅग पट्टी नाही. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गाड्यांच्या ड्रॅग स्पर्धा झालेल्या आहेत. तसलं काही जाहीर झालं की दोघांनी मिळून नाव द्या. तिथे डिव्हायडर नाही, समोरून कोणी येत नाही, आणि रेष ओलांडल्यावर थांबायला जागा असते. एक मात्र लक्षात ठेव. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे, हवा गोव्यापेक्षा सुमारे सहा टक्के विरळ. टर्बो नसलेलं इंजिन तिथे तेवढं कमी ओढतं. वेळ वाईट आली म्हणून गाडीला शिव्या घालू नकोस.

आणि पट्टीवर गेलास तर दिव्यांकडे बघायला शिक. तीन पिवळे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात, मग हिरवा. तुझं घड्याळ मात्र हिरव्याला नाही, सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणावरून चाक हललं की सुरू होतं. म्हणून वेळेच्या चिठ्ठीवर चांगली वेळ असलेला माणूसही हरतो, तो सुटायलाच झोपलेला असतो. मॅन्युअलवाला मित्र क्लच, रेस आणि गियर सांभाळत असताना तुझं लक्ष फक्त दिव्यावर. त्याला हरवायचं तर तिथे हरव.

प्रश्न: मुलगा रात्री ऑटोमॅटिक गाडी घेऊन जातो. हल्ली आल्यावर जळका वास येतो आणि सिग्नलवरून निघताना गाडी थरथरते. तो रेस लावत असेल का? (एक आई, साखळी)

उत्तर: ताई, एवढ्यावरून त्याच्यावर आळ घेऊ नका. चार माणसं आणि सामान घालून चोर्ला घाट चढवला तरी तेल तापतं, आणि जळका वास ब्रेकचाही असू शकतो. पुढचे टायर बघा. मागच्यांपेक्षा फारच लवकर गुळगुळीत झाले असतील आणि कडेला रबराच्या गोळ्या दिसत असतील तर विचारायला जागा आहे. गाडी मात्र या आठवड्यातच दाखवा. पुष्कळ ऑटोमॅटिक बॉक्सांना तेल बघायची काठी नसते, गाडी वर घेऊन ठरावीक तापमानाला पातळी बघावी लागते. तेल लालसर असेल तर नशीब, तपकिरी आणि जळकट असेल तर बदला, आणि खाली काळा चुरा दिसला तर बॉक्स उघडल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नका. ‘हे तेल आयुष्यभर चालतं’ असं सांगणाऱ्याला विचारा, कोणाच्या आयुष्यभर.

प्रश्न: माझी एएमटी आहे. वरचं सगळं तिलाही लागू का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर: नाही. एएमटी म्हणजे आत मॅन्युअलच बॉक्स, क्लच दाबायचं काम तेवढं यंत्र करतं. ब्रेक दाबलात की ते क्लच सोडवतं, त्यामुळे ब्रेक धरून रेस दिल्याने पुढे काहीच जात नाही. गियर बदलताना मान पुढे जाते तेवढा वेळ प्रत्येक बदलात गेला. कोरड्या ड्युअल क्लचवाल्यांनीही (दोन क्लच आलटून पालटून लावणारा ऑटोमॅटिक बॉक्स) ब्रेक आणि रेस एकत्र धरू नये, तिथे उष्णता घ्यायला तेलच नसतं. सीव्हीटीत, म्हणजे ठरावीक गियर नसलेल्या ऑटोमॅटिकमध्ये, पोलादी पट्टा दोन पुलींवर चालतो. तो घसरला तर पुलीवर चरे पडतात, आणि मग दुरुस्ती नाही, अख्खा बॉक्स बदला.