हेडफोनवर छान, हॉलमध्ये पातळ: चांगली गाणी आणायची कुठून?

घरी हेडफोनवर छान वाजणारी गाणी सिंहगड रोडच्या हॉलमध्ये पातळ आणि चरचरीत वाटली, म्हणून डीजेचा कंट्रोलर (गाणी मिसळायचं यंत्र) बदलू का, असं विचारलंयस. कंट्रोलर बदलू नकोस. गाणी व्हिडिओची लिंक टाकून एमपीथ्री देणाऱ्या साइटवरून उतरवलीत म्हणतोस, दोष तिथे आहे.

यूट्यूबवरचा आवाज साधारण 128 ते 160 केबीपीएसला (सेकंदाला इतके किलोबिट; आकडा लहान तितका तपशील कमी) दाबलेला असतो. कन्व्हर्टर तोच पुन्हा दाबतो आणि नावापुढे 320 लावतो. गेलेला तपशील त्याने परत येत नाही. वर तू की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) लावून टेम्पो खालीवर केलास की हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) आणि टाळ्या विरघळल्यासारख्या ऐकू येतात. छोट्या हेडफोनवर हे झाकलं जातं, हॉलमधल्या मोठ्या टॉपवर (स्पीकरवर) नाही.

स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर घे आणि फाइल त्यात ओढून टाक. खऱ्या 320च्या फाइलीत आवाजाच्या कंपनसंख्येचा आलेख साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंत चढतो. 16 किलोहर्ट्झलाच सुरीने कापल्यासारखा थांबला, तर फाइलीवर काहीही लिहिलेलं असो, माल बहुधा 128चा आहे. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरच्या पट्टीचा आवाज मुळातच कमी असतो, तिथे कानावर विश्वास ठेव.

हाऊस-टेक्नो वाजवणार असशील तर बीटपोर्ट, ट्रॅक्सोर्स आणि बँडकॅम्प ही ऑनलाइन दुकानं पुरेशी आहेत. मला बँडकॅम्प जास्त आवडतं. एकदा पैसे भरले की एमपीथ्री किंवा तपशील न गमावणारं फ्लॅक, वेव्ह, हवं ते उतरवता येतं, आणि बहुतेक रक्कम कलाकाराकडे जाते.

खरी पंचाईत हळदी-वरातीच्या गाण्यांची. ती या दुकानांत फारशी मिळत नाहीत. नवीन हिंदी-मराठी गाणी आयट्यून्स स्टोअरमधून विकत घे. ती 256 केबीपीएसच्या एएसी या फॉरमॅटमध्ये येतात आणि मोठ्या सिस्टिमवर व्यवस्थित उभी राहतात. जुन्यांसाठी मूळ ऑडिओ सीडी शोध. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मार, घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या कपाटात विचार. सीडीवरचा आवाज 1411 केबीपीएसचा, न दाबलेला असतो. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरने तो फ्लॅकमध्ये काढून ठेव. मात्र एमपीथ्री भरून विकलेल्या 'दीडशे गाणी' छापाच्या सीडी घेऊ नकोस. टेलिग्रामवरचे फुकट रीमिक्स पॅकही नकोत. त्यांतल्या बऱ्याच गाण्यांचा आवाज इतका चढवलेला असतो की बेस फाइलीतच फाटलेला असतो, आणि मध्येच दुसऱ्याच डीजेचं नाव ओरडलं जातं. तुझ्या कार्यक्रमात ते का वाजावं?

चांगली फाइल मिळाली तरी जुन्या सिनेगीतांचं एक काम उरतं. वादक एकत्र बसून वाजवत, त्यामुळे लय थोडी हलते आणि बीटग्रिड (सॉफ्टवेअरने ठोक्यांवर आखलेल्या खुणा) सरकतो. रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमध्ये अशा गाण्याचं अ‍ॅनालिसिस डायनॅमिकवर (हलत्या लयीसाठीचा पर्याय) कर. सुरुवातीला नुसते सूर असतील तर 32 बीटचा ठेक्याचा इंट्रो (सुरुवातीचा भाग) स्वतः जोडून एडिट बनव. यात वेळ जातो, पण वरातीत गाण्यावरून गाण्यावर जाताना नाचणाऱ्यांचे पाय थांबत नाहीत ते यामुळेच.

आहेत ती दोन हजार गाणी एकदम बदलायला जाऊ नकोस. दर कार्यक्रमात हमखास वाजतात ती चाळीस-पन्नास आधी बदल. क्लबमध्ये वाजवायला जाणार असशील तर पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट कर आणि फ्लॅकऐवजी एआयएफएफ (हाही न दाबलेला आवाज) किंवा 320 एमपीथ्री ने, कारण सीडीजे-2000सारखी जुनी डीजे प्लेअर मशिन फ्लॅक वाचत नाहीत.