ज्वालामुखीच्या खडकात कोरलेली हंगेरीतली वाइनची तळघरं खरंच उपयोगाची आहेत, की नुसती पर्यटकांसाठी? नाशिकला तशी का खोदत नाहीत?

उपयोगाची आहेत. हंगेरीतल्या तोकाय या वाइनच्या भागात मी साडूभाऊंना घेऊन जाऊन आलोय, म्हणून हे लिहिणं भागच आहे. त्यांचा कोल्ड रूम बसवायचा धंदा. कॉम्प्रेसरशिवाय जगात काही थंड राहतं, हे त्यांना मान्य नाही.

तिथल्या हेर्त्सेगकूट गावात उतारावर तळघरांची दारं ओळीनं आहेत. 1750 मध्ये वसवलेल्या जर्मन लोकांचं गाव. 2002 पासून ही तळघरं जागतिक वारशात. आत वाकूनच चालावं लागतं. भिंतींवर, बाटल्यांवर काळी, लोकरीसारखी मऊ बुरशी. साडूभाऊंनी नाकाला रुमाल लावला. "खरवडून चुना मारा म्हणावं हिला!" मालकीणबाईंना मराठी कळलं नाही, रुमाल बरोबर कळला. त्यांनी एक नाणं काढून भिंतीवर दाबलं, ते तिथंच चिकटलं. दुसरं साडूभाऊंच्या हातात ठेवलं.

ती बुरशी पिंपातून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर जगते, वाइनला काही करत नाही. (तिथली प्रसिद्ध गोड वाइन तर बुरशी धरलेल्या द्राक्षांचीच करतात, पण हे मी साडूभाऊंना प्यायल्यावर सांगितलं.) हवेत ओलावा 85 ते 95 टक्के, त्यामुळे 136 लिटरच्या छोट्या पिंपांतूनही वाइन फारशी आटत नाही. तापमान बारा महिने 10 ते 12 अंश. साडूभाऊंच्या बॅगेत थर्मामीटर असतोच. 11 दाखवलं. म्हणे, "आज हवा गार असेल." बाहेर जुलैचं ऊन होतं.

आता नाशिक. तोकायचा खडक म्हणजे दाबली गेलेली ज्वालामुखीची राख. कुदळीनं निघते, हवा लागली की टणक होते. आपला काळा पाषाण कोरायचा तर जन्म जातो. तरी कोरलात समजा. जमिनीखाली खोलवर त्या गावाचं वर्षाचं सरासरी तापमान असतं. तोकायला ते दहाच्या आसपास, नाशिकला पंचविशीच्या. त्यात वाइन लवकर म्हातारी होणार. तेव्हा नाशिकला साडूभाऊंचाच धंदा चालेल, खुशाल चालू दे. पण म्हणून त्यांनी मालकीणबाईंना कोटेशन द्यायची काही गरज नव्हती.

आणि हो, द्राक्षतोडणीच्या दिवसांत गेलात तर अनोळखी तळघरात एकटे घुसू नका. रस आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, त्यानं माणसं मेली आहेत.