टायर ३२ हजारांचे, पगार पीथमपूरचा: ईएमआय करू का?

इंदूरच्या सुदामानगरात राहणाऱ्या आणि पीथमपूरला नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. साडेसहाशे सीसीची बाईक, त्यावर इम्पोर्टेड स्पोर्ट टूरिंग टायर. मागचा ९ हजार किमीतच झिजून सपाट झाला, बाईक घाटात वळायला कुरकुरते आणि मग एकदम आत पडते. दुकानदारानं जोडीचे ३२ हजार सांगितलेत, मागचा १८ आणि पुढचा १४. क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा ईएमआय करू, एसआयपी थांबवू, एफडी मोडू, का दिवाळीच्या बोनसपर्यंत असंच ओढू? आणि आई म्हणतेय विकूनच टाक.

दादा, आधी तुम्ही पाठवलेल्या फोटोबद्दल बोलतो कारण सगळा हिशोब तिथंच आहे. मागच्या टायरचा मधला चार बोटांचा पट्टा पोळपाटासारखा सपाट झालाय, खाचेतली वेअर इंडिकेटरची, म्हणजे टायर संपल्याची खूण दाखवणारी पट्टी रबराला टेकलीय, आणि कडेला मात्र नव्या टायरचे ते बारीक रबरी केस अजून तसेच आहेत. म्हणजे टायर वळणांत झिजलाच नाहीये, तो झिजलाय रोजच्या इंदूर-पीथमपूर सरळ रस्त्यावर, जाऊन येऊन ६० किमी. या टायरांना मधे कडक आणि कडेला मऊ रबर देतात ते लांब सरळ पल्ल्यासाठीच, पण वजनदार बाईक, मे महिन्याचा डांबर आणि वर तुम्ही लिहिलंय की पाठीला आराम म्हणून मागे २८ पीएसआयची हवा ठेवता जिथं मॅन्युअलमध्ये ३६ आहे, मग कडक रबर तरी किती टिकणार. सपाट पट्टा आणि गोल कड यांच्यामधे जी धार तयार होते ना, तिच्यावर चढेपर्यंत बाईक अडते आणि चढली की पडते, जामघाटात तुम्हाला जाणवलं ते हेच.

आता पैसे. मागचा १८ हजार भागिले ९ हजार, म्हणजे किमीला २ रुपये. पुढचा १५ हजार किमी चालेल धरला तर आणखी ९३ पैसे. महिन्याचे २४ दिवस धरले तर १४४० किमी, म्हणजे नुसतं टायरचं सव्वाचार हजार, आणि २२च्या अ‍ॅव्हरेजनं, १०६च्या भावानं पेट्रोल जवळपास ७ हजार. ड्युटीला जायचे महिन्याला ११ हजार! आणि तुम्हीच एका ओळीत सहज लिहून गेलात की कंपनीची बस आहे, १२०० कापतात. मला तर ती ओळ वाचून चहा बाजूला ठेवावा लागला.

ईएमआय नको. १६ टक्क्यांनी १२ महिन्यांत व्याज, त्यावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मिळून साडेतीन हजारांच्या आसपास जास्त जातील, पण मला ते तितकं खटकत नाही जितकं हे खटकतं की मागचा नवा टायरही असाच चालवलात तर सहा महिन्यांत संपेल आणि हप्ते पुढचे सहा महिने चालू राहतील, वर नवा टायर घ्यायची वेळ आलेलीच असेल. एसआयपीला हात लावू नका, एकदा थांबवलेली परत सुरू करायला लोकांना वर्ष लागतं, रोज बघतो मी. एफडी पण मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल, साधारण एफडीच्या व्याजाच्या एक-दोन टक्के वर पडतो. सोमवारपासून बस धरा आणि वाचलेले १० हजार दर महिन्याला त्यात भरा, चार महिन्यांत संपेल आणि व्याज पाचेकशे रुपये.

दिवाळीपर्यंत थांबायचं तर अजिबात नाही, पाऊस तोंडावर आलाय आणि पट्टीला टेकलेला टायर ओल्या घाटात नको म्हणजे नको. आणि टायर फुटला किंवा झिजला तर विमा काही देत नाही, बाईकचंही सोबत नुकसान झालं तरच आणि तेही टायरचे निम्मेच. तुमच्या घरात कमावणारे एकटे तुम्ही आहात, पॉलिसीतलं १५ लाखांचं अपघात कवच चालू आहे का तेही आजच बघा.

विकायचं म्हणाल तर बाईकवर तुमचा जीव आहे हे पत्रात दिसतंच. आणि विकून पुन्हा अशीच घ्यायची झाली तर सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी आहे, टायरवरचा उलट २८ टक्क्यांचा १८ झाला. आईंना बसचा हिशोब दाखवा, त्यांची काळजी बाईकपेक्षा रोजच्या हायवेची असावी असं मला वाटतं.

पुढच्या टायरचे १४ हजार मात्र लगेच देऊ नका. त्यावर तळव्यानं हात फिरवल्यावर एकीकडून गुळगुळीत आणि उलटीकडून करवतीसारखं लागतं म्हणालात, हँडलही थरथरतं, तर आधी मेकॅनिककडून स्टीयरिंग बेअरिंग आणि फोर्क, म्हणजे पुढचे शॉकअप, तपासून घ्या. दोष तिथं असेल तर नवा टायरही असाच खाल्ला जाईल. घेताना टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, नंतरचे दोन वर्ष. मी एकदा स्वस्तात मिळाला म्हणून न बघता घेतला आणि घरी येऊन पाहिलं तर चार वर्षं जुना, पावसात त्याची पकड कधी आलीच नाही.

हवा सकाळी थंड टायरमध्येच भरा. मेकॅनिक काय म्हणाला ते कळवा, पुढचा टायर वाचला तर ओव्हरड्राफ्ट १८ हजारांचाच लागेल आणि तो दोन महिन्यांत फिटेल.