शंभर वर्षांच्या वेलींची शिराझ : उघडावी की ठेवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऑस्ट्रेलियातल्या बरोसा व्हॅलीची २०१४ ची शिराझ (त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाईन) भेट मिळाली आहे. लेबलवर एकाच मळ्याचं नाव आहे आणि वेली शंभर वर्षांहून जुन्या असल्याचं लिहिलं आहे. यात कितपत तथ्य, वयाने चवीत फरक पडतो का, आणि बाटली आता उघडायची की ठेवायची?

आधी लेबलबद्दल. नुसतं ‘जुन्या वेली’ एवढंच लिहिलं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. फ्रान्समध्येसुद्धा लेबलवर ‘व्हिएय विन्य’ (म्हणजे जुन्या वेली) लिहायला वयाची कायदेशीर अट नाही. आंतरराष्ट्रीय पातळीवर ओआयव्ही या द्राक्षवेल आणि वाईनविषयक संघटनेने ३५ वर्षांची व्याख्या केली, तीही २०२४ साली. बरोसाची गोष्ट मात्र वेगळी. तिथल्या उत्पादकांनी २००९ मध्येच वयाच्या पायऱ्या ठरवल्या : ३५ वर्षांपुढे ओल्ड, ७० पुढे सर्व्हायव्हर, १०० पुढे सेन्टेनेरियन आणि १२५ पुढे अ‍ॅन्सेस्टर. तुमच्या बाटलीवर मळ्याचं नावही आहे, म्हणजे दावा पडताळता येतो. मी एकदा मोठ्या अक्षरांतल्या ‘ओल्ड व्हाइन’ला भुलून बरेच पैसे मोजले होते. मळा कुठला, लागवड कधीची, काहीच लिहिलेलं नव्हतं. वाईन पातळ आणि नुसती गोडसर निघाली. तेव्हापासून मी आधी मळ्याचं नाव आणि लागवडीचं वर्ष शोधतो.

इतक्या जुन्या वेली तिथेच का टिकल्या? फायलोक्सेरा ही मुळांवर जगणारी बारीक कीड. १८६० च्या दशकापासून तिने युरोपातले मळेच्या मळे संपवले आणि शेवटी अमेरिकन खुंटावर कलम करणं हाच उपाय उरला. ऑस्ट्रेलियात ती १८७७ मध्ये व्हिक्टोरियातल्या जिलाँगजवळ सापडली, पण साउथ ऑस्ट्रेलियाने बाहेरून वेली आणि काड्या आणण्यावर कडक बंधनं घातली आणि ते राज्य वाचलं. म्हणून त्याच राज्यातल्या बरोसात १८४३ साली लावलेली शिराझ आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे, लँगमाइल या वाईन उत्पादकाच्या मळ्यात.

आता वयाचा परिणाम. मी बरोसातल्या अशाच एका मळ्यात काढणीच्या आधी गेलो होतो. एका वेलीचं खोड मांडीएवढं जाड, दोरखंडासारखं पिळलेलं आणि मधून इतकं पोकळ की पलीकडची लाल माती दिसत होती. जिवंत सालीची एक पट्टी तेवढी वर गेलेली, आणि तिच्या जोरावर पाचसहा घड लटकलेले. मणी बारीक. एक तोंडात टाकला तर रस थोडाच, साल जाड, आणि चावत राहिलं की मिरीसारखा तिखटपणा जिभेवर रेंगाळला. वाईनचा रंग, टॅनिन (तोंड कोरडं करणारा तुरटपणा) आणि बराचसा सुगंध सालीतून येतो, त्यामुळे रसाच्या मानाने साल जास्त असली की वाईन दाट होते. शिवाय खोल गेलेली मुळं आणि जाड खोडातला अन्नसाठा यांच्या बळावर जुनी वेल कोरडं वर्ष बऱ्यापैकी पेलते.

तरीही नुसतं वय वाईन चांगली करत नाही, हे मी ठामपणे सांगेन. चुकीच्या जागी लावलेली वेल शंभर वर्षांनीही सामान्यच फळ देते. फरक असा की ती सहसा शंभरी गाठतच नाही, कारण तिला आधीच कुणीतरी उपटलेलं असतं. १९८० च्या दशकात बरोसात द्राक्षं उदंड झाली आणि शिराझ, ग्रेनाश या लाल वाईनच्या जातींना कुणी विचारेना. तेव्हा सरकारने वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले, आणि जुने मळेच्या मळे गेले. समोर रोख रक्कम असताना, एकरी इतकं कमी पीक देणारा मळा ज्यांनी राखला त्यांना त्या फळाची किंमत ठाऊक होती. तुमच्या बाटलीतली वाईन अशा पारखीतून उरलेल्या वेलींची आहे. माझ्या लेखी वयाच्या आकड्यापेक्षा हे मोठं आहे.

एकाच मळ्याची वाईन करण्यात जोखीमही असते. बरोसाशेजारच्या ईडन व्हॅलीतल्या हेन्श्के घराण्याचं ‘हिल ऑफ ग्रेस’ बघा. तिथल्या सर्वांत जुन्या वेली १८६० च्या सुमाराच्या. सिरिल हेन्श्के यांनी १९५८ साली त्या मळ्याची पहिली स्वतंत्र वाईन केली, तेव्हाच त्या शंभरीला टेकल्या होत्या. पण २००० सालचं फळ मनासारखं आलं नाही, तर त्या वर्षी ती वाईन केलीच नाही. दुसरीकडची द्राक्षं मिसळून वेळ निभावण्याची सोयच नसते.

तुमच्या बाटलीचं म्हणाल तर मी आता उघडेन. थंड, अंधाऱ्या जागी आडवी राहिली असेल तर अजून काही वर्षं सहज जाईल. उबदार खोलीत कपाटावर असेल तर मुळीच थांबू नका. फिरकीचं झाकण असेल तर हलकी वाईन समजू नका, ऑस्ट्रेलियात उत्तमातल्या उत्तम कित्येक बाटल्यांनाही तेच असतं. आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा म्हणजे साका तळाशी बसेल. मग बाटलीच्या मानेमागे दिवा धरून डिकँटरमध्ये (वाईन ओतून ठेवायच्या काचेच्या भांड्यात) सावकाश ओता, आणि काळसर रेघ खांद्यापर्यंत आली की थांबा. वाईन १६ ते १८ अंशांवर असू द्या. त्याहून गरम झाली तर अल्कोहोलच नाकात जातं. पहिल्या घोटाला ती मिटलेली, म्हणजे वास दबलेली वाटेल. तासाभराने परत वास घ्या. आणि एक ग्लासभर झाकून दुसऱ्या संध्याकाळसाठी ठेवाच, मला अशा वाईनचा मिरी आणि सुक्या पानांचा वास कित्येकदा दुसऱ्या दिवशीच नीट सापडला आहे.

मळ्याचं नाव इथे लिहा, लागवडीचं वर्ष शोधून देतो.